नमुना क्रमांक सात

आमच्या समोरच्या दारातले भाऊजी रागावलेले मी बावीस वर्षांत एकदाही पाहिले नाहीत. लिफ्टमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच आधी 'सॉरी' म्हणतात. अशा माणसाला शाळेतली पोरं 'लाव्हाकाका' म्हणायची हे कळलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कुचेष्टेनं ठेवलेलं नाव असणार. पण नाही, पोरं अगदी आदरानं म्हणायची. त्या नावामागे एक गोष्ट होती, आणि त्या गोष्टीमागे माझी उजवी टाच होती. टाचेकडे येतेच. आधी तंबू.

एका मंगळवारी सकाळी मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. लिफ्ट बंद होती; ती चालू असते तेव्हाच आम्ही एकमेकांना बातमी म्हणून सांगतो. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर पुढे जिनाच नाही. सगळीकडे नारिंगी कापड. आतून कुणीतरी ढुशा मारत होतं.

"भाऊजी?"

"वहिनी, जरा थांबा हं. उघडलाय, पण मिटत नाहीये."

"जिन्यात कशाला उघडलात?"

"घरात मावेना."

कापडाच्या एका फटीतून त्यांचा चष्मा बाहेर आला, मागून ते आले. डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे, आणि तोंडावर असं हसू की वाटावं, यांनी तंबू नाही, राजवाडा विकत आणलाय. "आम्ही सगळे ज्वालामुखी बघायला चाललोय," ते म्हणाले. "तिथेच मुक्काम. तीन दिवस."

माझ्या हातातली एक पिशवी सुटली आणि बटाटे दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. बटाट्यांसाठी मी हळहळले नाही. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते, कारण त्या अख्ख्या इमारतीत एक मलाच ठाऊक होतं की या माणसाने आयुष्यात ज्वालामुखी पाहिलेला नाही. आणि पाहिलाय असं तो बावीस वर्षं सांगत आलाय.

आता टाच.

भाऊजी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. चौतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, बेडकांच्या बाटल्यांवरची धूळ पुसली. शिकवायचे शिक्षक, पण कुठलं रसायन कुठल्या फळीवर, आणि कुठल्या शिक्षकाला कुठलं रसायन अजिबात हाती द्यायचं नाही, हे ठाऊक असायचं यांना. तिथे वीस खणांची एक लाकडी पेटी होती. वीस खणांत वीस दगड, प्रत्येकावर फक्त नंबर. नावं लिहिलेली यादी पाकिटात सीलबंद, परीक्षा संपेपर्यंत कुणी उघडायची नाही. भाऊजींचं यावर एक ठाम मत होतं आणि ते मला त्यांनी किमान पन्नासदा ऐकवलंय: "नाव लिहिलं ना वहिनी, की माणूस बघायचं सोडतो. नुसतं वाचतो."

तर बावीस वर्षांपूर्वी शाळेची तपासणी येणार होती आणि आदल्या दिवशी भाऊजींच्या लक्षात आलं की सात नंबरचा खण रिकामा आहे. सात नंबर म्हणजे ज्वालामुखीतून उडालेला, पाण्यावर तरंगणारा, भोकाभोकांचा दगड. कुण्या पोरानं खिशात घातला असणार. भाऊजी घरी आले ते पांढरेफटक. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. दारात पाटावर बसून, बादलीत पाय सोडून, निवांत टाच घासत होते. भाऊजी जिना चढून आले आणि माझ्या टाचेकडे बघतच राहिले. मी साडी खाली ओढली. मनात म्हटलं, बघा, शेजार किती सज्जन वाटला होता.

"वहिनी," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे?"

"वजरी."

"मला द्याल?"

लग्नानंतर शेजारच्या पुरुषानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू. मी दिली. त्यांनी ती बादलीत टाकली, ती तरंगली, आणि त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं. रात्रीतून त्यांनी तिची दोरी काढली, दोरीच्या भोकात प्लास्टर भरलं, वरून राख चोळली, पाठीवर 'सात' लिहिलं. सकाळी शाळेत जाताना मला दाखवायला आले. माझी मीही ओळखली नसती.

इथवर पाप असं काही घडलं नव्हतं. दगड खराच होता. टाच घासायला दुकानात मिळतो तोही कुठल्यातरी ज्वालामुखीचाच तुकडा. पण तपासणीच्या बाईंनी पेटी उघडली, सात नंबर उचलला, हातात तोलला आणि विचारलं, "हा दगड कुणी आणला?" मुख्याध्यापकांनी शिक्षकांकडे पाहिलं, शिक्षकांनी भाऊजींकडे. चौतीस वर्षांत भाऊजींना तपासणीत विचारलेला हा एकच प्रश्न. आणि ते म्हणाले, "मी आणला. स्वतः. डोंगरावरून."

बाई म्हणाल्या, "वा!"

ती 'वा' त्यांना महागात पडली. पुढच्या वर्षी पोरांनी विचारलं, कुठल्या डोंगरावरून? मग पायथ्याचा दगड उतारावर गेला. तीन वर्षांनी उतारावरून थेट विवराच्या काठावर. पाचव्या वर्षी धूर आला. दहाव्या वर्षी भाऊजींच्या बुटांचे तळ वितळले. मी हे सगळं ऐकत होते, कारण शाळेची निम्मी पोरं आमच्याच गल्लीतली, आणि मला जिन्यात उभं राहून ऐकायची सवय आहे. ती मी कधी लपवलेली नाही. दर वर्षी पोरांचे डोळे मोठे व्हायचे, दोनचार पोरं खरंच दगडांच्या नादी लागायची. मग कुणाच्या तोंडचा घास काढा! मी गप्प बसले. बावीस वर्षं. माझ्या ओळखीतल्या कुणालाही सांगा, विश्वास ठेवणार नाहीत.

घरी मात्र भानगड वाढली. ताईंना, म्हणजे भाऊजींच्या बायकोला, ही ज्वालामुखीची गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनात कळली. त्यांनी विचारलं, कधी गेला होतात? भाऊजी घाईघाईनं म्हणाले, "लग्नाआधी." झालं. त्या दिवसापासून ताईंच्या तोंडात एकच.

"लग्नाआधी डोंगर चढत होते. आग बघत होते. आणि मला? मला बाजाराच्या पलीकडे नेलं नाही कधी!"

मीठ संपलं तरी डोंगर निघायचा. गिझर बिघडला तरी. एकदा भाऊजींना ताप आला तेव्हा थर्मामीटर बघून ताई म्हणाल्या, "एवढाच? तुम्हाला तर सवय असेल."

दोन महिन्यांपूर्वी भाऊजी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात शाळेनं त्यांना घड्याळ दिलं नाही, शाल दिली नाही. काचेच्या डबीत घालून सात नंबरचा दगडच दिला. डबीवर पितळी पट्टी: 'लाव्हाकाकांनी स्वतः विवराच्या काठावरून आणलेला'. टाळ्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत बसून माझ्याच वजरीसाठी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच छताकडे.

आणि इथे टिचकी आली.

टिचकी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं दहा. नाव मीच पाडलंय. बोलता बोलता समोरच्या वस्तूला टिचकी मारून आवाज ऐकायची तिला खोड आहे. लाकूड, काच, माणसाचं डोकं, काहीही. ही खोड आजोबांची. मला ती मावशी म्हणते. आधी आजी म्हणायची, ती सवय मी दोन चॉकलेटांत मोडली. तिची आई, भाऊजींची मुलगी, दवाखान्यात एक्स-रे काढते आणि बाप लिफ्ट दुरुस्त करतो. आमची का करत नाही ते विचारू नका, विचारून झालंय.

टिचकीनं काचेची डबी पाहिली आणि तिला सुचलं की आता सगळ्यांनी मिळून तिथेच जायचं. तिची आईही तयार, कारण आई, बाप आणि लेक अशा तिघांनी कधी एकत्र सुट्टी घेतली नव्हती. सात तासांच्या अंतरावर एक विझलेला ज्वालामुखी आहे, भोवती सरकारी उद्यान, पायथ्याशी तंबू ठोकायची जागा. टिचकीनं उद्यानाची सगळी माहिती वाचून काढली. आणि त्यात तिला एक नियम सापडला: इथला दगड, राख, माती उचलून नेण्यास मनाई आहे.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही चोरी केलीत?"

भाऊजी म्हणाले, "तेव्हा नियम नव्हता."

"आता आहे ना. मग परत ठेवू या. जिथून उचललात, बरोबर तिथेच."

आणि तिनं तिथल्या कार्यालयाला पत्र टाकलंसुद्धा. माझ्या आजोबांनी तरुणपणी तुमचा एक दगड नेला होता, तो आम्ही परत आणत आहोत, कृपया त्यांना ओरडू नका. पत्र पेटीत पडल्यावर घरात सांगितलं. भाऊजींनी ते ऐकलं आणि चहाच्या कपात बिस्किटाऐवजी पेन बुडवलं. मी साखर मागायला गेले होते. साखर आमच्याकडे होती.

त्यानंतर भाऊजींनी जी तयारी आरंभली ती बघण्यासारखी होती. मला वाटतं, निघायचा दिवस कधी येऊच नये म्हणून. आधी भिंतीवर नकाशा लावला. मग मोठ्या कागदावर चार रकाने: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्यात एकशे बारा वस्तू. जुना काटा आणून प्रत्येक वस्तू तोलली. ताईंची कंगव्याची पिशवीसुद्धा. मग सगळं एकोणीस पिशव्यांत भरलं आणि प्रत्येक पिशवीवर फक्त नंबर चिकटवला.

"कशात काय आहे ते कसं कळायचं?" ताई म्हणाल्या.

"यादी पाकिटात आहे. सीलबंद. तिथे पोचल्यावर उघडायची."

"अहो, तिथे काय परीक्षा आहे?"

"नावं लिहिली की माणूस बघायचं सोडतो."

"लग्नाआधी गेलात तेव्हा माझा टूथब्रश शोधायचा नव्हता ना, म्हणून सुचतंय हे!"

टिचकी नकाशासमोर लाल पेन्सिल घेऊन उभी असायची. "आजोबा, खूण करा. कुठून उचललात?"

भाऊजी म्हणायचे, आज चष्म्यावर डाग आहे. दुसऱ्या दिवशी नकाशा जुना निघाला. तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा दुखायला लागला, आधी डावा, मग मी आठवण करून दिल्यावर उजवा. मुलगी आली आणि गुडघ्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, श्वास रोखून धरलाय तुम्ही. मी सांगितल्यावर धरतात तसा." तिचं अख्खं आयुष्य माणसांच्या आतलं बघण्यात जातं, पण वजरी तिलाही दिसली नाही.

दिसली ती टिचकीला.

झालं असं, की दगड परत द्यायचा तर स्वच्छ करून द्यावा म्हणून तिनं तो रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवला आणि सकाळी ब्रश घेऊन घासला. पोरगी कामाची पक्की. घासता घासता बावीस वर्षांचं प्लास्टर बाहेर आलं. तिनं भोकातून पाहिलं तर पलीकडे बादली दिसली. घरच्या मोरीत भाऊजी झोपायच्या पिशव्या धूत होते म्हणून साबणाचे हात धुवायला ती दगडासकट आमच्याकडे आली. बाथरूममध्ये गेली. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. मी हाक मारणार इतक्यात ती बाहेर आली. उंदराची शेपटी धरावी तशी दोरीला धरून माझी आताची वजरी तिनं समोर धरली होती.

टेबलावर तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. दुकान तेच, घडण तीच. एका बाजूनं सपाट, एका टोकाला भोक. सख्ख्या बहिणी.

"मावशी, निरीक्षण सांगू?"

"सांग बाई."

"दोन्हींना भोक आहे. दोन्ही एका बाजूनं सपाट आहेत. एकीला दोरी आहे." तिनं दोघींना एकेक टिचकी मारली. "आवाज सारखा आहे."

"अनुमान?"

तिनं टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

मी आयुष्यात इतक्या जणांची बिंगं फोडलीयत, पण माझ्या टाचेकडे बघून कुणी गप्प झालं नव्हतं. सगळं सांगितलं. तपासणी, बाई, 'वा', बुटांचे तळ. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला कळलंय हे आजोबांना सांगू नका."

"का गं?"

"ते आपणहून सांगतात का बघायचंय."

"आणि नाही सांगितलं तर?"

तिनं टेबलावर टिचकी मारली, पण आवाज ऐकला नाही. "त्यांनी मला वीस दगड शिकवलेत, मावशी. एकोणीस राहिले. ते तरी खरे कशावरून?"

चेष्टा करायला माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. तिन्ही गिळली. तिनं माझ्याकडून मेणबत्ती मागून घेतली, भोकात मेण भरलं, वर राख चोळली. हात अगदी आजोबांसारखे चालत होते.

पुढचे तीन आठवडे माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. भाऊजींना वाटायचं, गुपित मला आणि त्यांनाच माहीत. टिचकीला वाटायचं, मला आणि तिलाच. मी दोघांच्या मध्ये, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी. आमचे हे म्हणाले, "तब्येत बरी नाही का? आठवडाभर कुणाबद्दल काही बोलली नाहीस."

मग उद्यानाचं उत्तर आलं. अधिकाऱ्यांनी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की असं फार थोडे लोक करतात. आपण गेटवर आलात की मी स्वतः भेटेन. सोबत एक फॉर्म आहे, तो भरून आणावा. फॉर्ममध्ये चार ओळी. वस्तू. कुठून उचलली. केव्हा. उचलणाऱ्याची सही.

भाऊजी तो कागद घेऊन माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसले.

"वहिनी, आता?"

"सोपं आहे. खरं लिहिलंत तर खोटारडे ठरता. खोटं लिहिलंत तर चोर. कुठलं चांगलं दिसेल ते बघा."

"थट्टा करू नका हो."

"मग? माझी वजरी विवराच्या काठावर ठेवून सगळे फोटो काढणार, आणि मी इथे टाळ्या वाजवू? आणखी एकदा?"

"सहलच रद्द करतो. गुडघा..."

"कुठला?"

ते कागदाची घडी उलगडत, मिटत म्हणाले, "ती माझ्याकडे बघते ना वहिनी... चौतीस वर्षांत शाळेत कुणी माझ्याकडे तसं पाहिलं नाही. सगळे मी धुतलेल्या नळ्यांकडे बघायचे. ते जाईल."

मला सांगून टाकावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं, देवाशपथ. पण पोरीला शब्द दिला होता. मी म्हणाले, "चहा घेता?" आणि साखर दुप्पट घातली.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी गच्चीवर रंगीत तालीम होती. भाऊजींचा हट्ट, प्रयोग आधी करून बघितल्याशिवाय वर्गासमोर करायचा नाही. एकोणीस पिशव्या जिन्यानं वर गेल्या. जावयानं त्यातल्या बारा वाहिल्या आणि पहिल्यांदाच आमच्या लिफ्टकडे पश्चात्तापानं पाहिलं. तंबू उभा राहायला खुंटे हवेत. खुंटे कुठल्या पिशवीत? यादी सीलबंद. आठ नंबरमध्ये बॅटऱ्या निघाल्या, तीनमध्ये ताईंचे गरम कपडे, सोळामध्ये आणखी एक काटा. शेवटी तंबूची टोकं कुंड्यांना बांधली. ताई अकरा नंबरच्या पिशवीवर बसल्या आणि आत काहीतरी फुटलं.

तंबू उभा राहिल्यावर टिचकी आत जाऊन बसली. पुढ्यात स्टूल, स्टुलावर पेन, फॉर्म, काचेची डबी. "मी उद्यानाची अधिकारी," ती म्हणाली. "तुम्ही गेटवर आलात. रांगेनं या."

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. पुढे गेले, वाकून उभे राहिले. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वर आले होते. एकच टॉवेल चौथ्यांदा झटकत होते.

टिचकीनं दगड बाहेर काढला, हातात तोलला आणि विचारलं, "हा दगड कुणी आणला?"

तिला ठाऊक नव्हतं, पण मला होतं आणि भाऊजींना होतं. बावीस वर्षांपूर्वी तपासणीच्या बाईंनी विचारले होते तेच चार शब्द. टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला.

"मी," भाऊजींनी सुरुवात केली. "स्वतः. वर धूर येत होता, आणि माझ्या बुटांचे..." ते थांबले. स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. जावयाला वाटलं, उन्हानं चक्कर येतेय. तो पुढे सरकला. मुलीनं त्याला हातानं अडवलं. श्वास सोडलेला तिला बरोबर कळतो.

"अधिकारी मॅडम," भाऊजी म्हणाले, "फॉर्म कोरा आहे ना अजून?"

"कोराच आहे."

त्यांनी पेन घेतलं. उभ्याउभ्याच, स्टुलावर वाकून, सावकाश चार ओळी भरल्या आणि कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. टिचकी मोठ्यानं वाचू लागली.

"वस्तू: वजरी. कुठून उचलली: समोरच्या दारातून, शेजारच्या वहिनींच्या पायाखालून. केव्हा: तपासणीच्या आदल्या दिवशी. उचलणाऱ्याची सही..." तिथे सही होती, आणि खाली बारीक अक्षरात: 'मी ज्वालामुखी कधीच पाहिलेला नाही.'

कुंडीला बांधलेली दोरी सुटली. तंबूचं एक टोक बसलं.

"हे बघा," भाऊजी घाईघाईनं म्हणाले, जणू आता पुरावा दिलाच पाहिजे, "इथे दोरीचं भोक होतं, मी प्लास्टर भरलं होतं..." त्यांनी नखानं टोकरलं. नखाला काहीतरी मऊ लागलं. ते त्यांनी बोटांत चोळलं, वास घेतला. "हे प्लास्टर नाही."

"मेण आहे," टिचकी म्हणाली. "मी भरलंय."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या टाकीकडे.

"मग विचारलंस का नाही?"

"तुम्हीच सांगता ना, यादी आधी उघडायची नाही." तिनं दगड पालथा करून पितळी पट्टीशेजारी ठेवला. "आणि बाकीचे एकोणीस?"

"खरे. सगळे खरे. शपथ."

"शपथ नको. तिथे गेल्यावर तपासून बघू." आणि तिनं आजोबांच्या कपाळावर एक टिचकी मारली, कान जवळ नेला, ऐकलं. "आवाज नीट येतोय," म्हणाली. भाऊजींचा चष्मा धुकटला. ऊन चांगलं पडलं होतं, वाफेचं काही कारण नव्हतं.

एवढ्यात अकरा नंबरच्या पिशवीवरून आवाज आला. "म्हणजे तुम्ही गेलाच नव्हतात?"

"नाही."

"लग्नाआधीसुद्धा?"

"नाही."

"कुठेच?"

"मामाच्या गावाला गेलो होतो. एकदा. बस लागली होती."

ताई उठल्या. आता काहीतरी डोक्यावर पडणार म्हणून जावई मागे सरकला. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्या मेल्या डोंगराच्या नावानं बोटं मोडतेय! गिझर बिघडला तरी मोडतेय!" आणि त्यांना हसू फुटलं. असं फुटलं की पुन्हा अकरा नंबरवर बसल्या आणि आतलं उरलंसुरलंही फुटलं. हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे माझ्याआधी तुम्ही काहीच बघितलेलं नाही. चला, आता दोघं एकदमच बघू."

बावीस वर्षांत भाऊजी असे लाजलेले मी पाहिले नव्हते. राग बघायचा राहिलाय, पण लाज पाहिली.

कार्यालयाला दुसरं पत्र गेलं: दगड तुमचा नाही, माणसं मात्र येताहेत. भाऊजींनी पिशव्या पुन्हा भरल्या, नवी यादी केली आणि पाकिटाला पुन्हा लाख लावली. शुक्रवारी पहाटे गाडी निघाली. आत पाच जणांची जागा, पाच माणसं, मांडीवर आणि टपावर एकोणीस पिशव्या. टपावरून मात्र काटा मी काढून घेतला. कुणीतरी तिथे जाऊन राख तोलत बसलं असतं.

संध्याकाळी पाचला फोन वाजला. मागे नुसता वारा.

"वहिनी, पोचलो. एक काम होतं. खुंटे कुठल्या पिशवीत आहेत हो?"

"मला काय ठाऊक? यादी पाकिटात आहे ना."

"पाकीट घरी राहिलं. कपाटावर. किल्ली तुमच्याकडे आहे."

मागून ताईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, टूथब्रशचं आधी बघा!"

मी समोरचं दार उघडलं, स्टुलावर चढून पाकीट काढलं. चारी बाजूंनी लाख लावलेली. चौतीस वर्षं हा माणूस पाकिटाला लाख लावतोय आणि मी चौतीस सेकंदांत फोडली. आत ओळीनं आकडे, पुढे नावं, तीच परीक्षेतली ठसठशीत अक्षरं. आता नावं वाचायची पाळी माझी होती. मनात आलं, खुंट्यांऐवजी सोळा नंबर सांगावा, अंधार पडेपर्यंत शोधू देत. बोट एकेक ओळ खाली नेत होते, आणि सातवर थांबले.

'७. वजरी. वहिनींची. एकदा माहेरी नेऊन आणतो.'

"वहिनी?" फोनमधून भाऊजी म्हणाले. "आहात ना? वारा फार आहे, तंबू धरून उभे आहोत आम्ही."

"आहे, आहे. खुंटे चौदामध्ये. टूथब्रश दोनमध्ये." मी स्टुलावरून उतरले. "आणि सात नंबरला म्हणावं, फार दिवस मुक्काम करू नकोस. इथे टाचा खोळंबल्यात."